बी.कॉम. झालंय, आता नर्सिंगला जाऊ का?

(या सदरात उत्तरं देणाऱ्या बाई रत्नागिरी जिल्ह्यात आधी वॉर्डात सिस्टर आणि नंतर नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होत्या. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली. वय २६, बी.कॉम. झाले आणि एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आजी दवाखान्यात होती. आम्हाला आत सोडत नव्हते. एक सिस्टर रोज संध्याकाळी फोन करून आजीने किती पेज घेतली, ऑक्सिजन किती लागतोय, हे सांगायची. आजी घरी आली, पण माझ्या डोक्यातून ती सिस्टर गेली नाही. मला नर्स व्हायचंय. अमेरिकेतली माझी मामेबहीण इंग्रजी साहित्याची पदवीधर. ती दीड वर्षात नर्स झाली. इथे तसं काही आहे का? बारावी कॉमर्स, ६१ टक्के. आई म्हणते, "एवढं शिकवलं ते लोकांचं हगणंमुतणं काढायला का?" स्थळंही बघतायत. काय करू?

उत्तर : मामेबहिणीचं आधी सांगते, म्हणजे तो विषय बाजूला होईल. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचा जलद पदवीक्रम असतो, साधारण १२ ते १८ महिन्यांचा. पण त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय वेगळे पुरे करून यावं लागतं आणि शेवटी एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा असते. दीड वर्ष आपल्याला दिसतं, त्याच्या आधीची मेहनत दिसत नाही. आपल्याकडे तसा रस्ताच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात वर्गातले आणि वॉर्डातले तास ठरलेले आहेत. तुझ्या बी.कॉम.मुळे त्यातला एक तासही कमी होणार नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या शेजारी पहिल्या वर्षाला बसायचं, हे मनाशी पक्कं कर आणि मग पुढचं वाच.

प्रवेश देताना तुझी पदवी कुणी विचारणार नाही. विचारतील बारावीची शाखा आणि वय. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, म्हणून आज तो दरवाजा तुला बंद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी विज्ञान पुन्हा करता येते आणि ती कौन्सिलला चालते. पण आधी तो अभ्यास, मग राज्याची सीईटी, मग चार वर्षं. तुझ्या वयाला मी हा सल्ला देणार नाही. तुझा रस्ता जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा. तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजीसह किमान ४० टक्के हवेत. विज्ञान शाखेला पसंती असते, सक्ती नसते. वयाची मर्यादा ३५. जीएनएम झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तू पदवीच्या रांगेत येतेस. जीएनएम म्हणजे कमी प्रतीचं, असं तुला कुणीतरी ऐकवेल. रात्री तीन वाजता ज्यांच्या भरवशावर डॉक्टर दोन तास झोपू शकायचे, अशा माझ्या ओळखीच्या बहुतेक सिस्टर जीएनएम होत्या.

वयाचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करशील. शिकून बाहेर पडशील तेव्हा तिशीला आलेली असशील. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला वयोमर्यादा ३० आहे आणि जीएनएमवाल्यांना त्याआधी पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा खुल्या प्रवर्गात असशील तर ते सोडून दे. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, तिथे तुला बराच वेळ आहे. सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. खासगी दवाखान्यात सुरुवातीला याच्या निम्म्यावरही समाधान मानावं लागतं आणि शासनाच्या जाहिराती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत नाहीत. म्हणजे तीन वर्षं पगार नाही आणि पुढची दोनतीन वर्षं कमी पगार, एवढं धरून चाल. पतसंस्थेत बसतेस, कर्जाचा हप्ता काय असतो हे तुला सांगायला नको. फी भरण्यासाठी घरच्यांनी बाग गहाण टाकावी एवढी फी मागणारी शाळा असेल तर तिथे जाऊ नकोस.

आता आईचं बोलणं. त्यावर मला थांबायचंय, कारण आई खोटं बोलत नाही. कुणी सांगेल की ते सगळं वॉर्डातल्या मावशी आणि मामा बघतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला बेडपॅन, युरिन पॉट, उलटीचं भांडं सगळं हाताळावं लागतं, आणि ते तिला यायलाच हवं. का, ते आईला असं सांग. भातलावणीच्या दिवसांत पायाला चिरा पडलेला माणूस चिखलात उभा राहतो आणि पुढे ताप, दुखणाऱ्या पोटऱ्या, लाल डोळे घेऊन आमच्याकडे येतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल तर तो आजार मूत्रपिंडावर जाऊ शकतो. त्या माणसाला किती पाणी, किती सलाइन गेलं आणि किती लघवी झाली, हे चार्टवर लिहायचं असतं. दुपारी दोनशे मिली, संध्याकाळी पन्नास, रात्री दहाला भांडं कोरडं. हा आकडा बघून सिस्टर डॉक्टरांना उठवते, रात्रीच ॲम्ब्युलन्स निघते आणि डायलिसिसची सोय असेल तिथे तो माणूस वेळेत पोचतो. भांडं न मापता मोरीत ओतलं असतं तर सकाळच्या राउंडपर्यंत कुणाला काही कळलं नसतं.

बाळंतिणीचं तसंच. बाळ झालं, पेढे वाटायला माणूस गेला, सगळे बाळाभोवती. त्या पहिल्या दोन तासांत सिस्टर आईचं पोट चाचपून गर्भाशय घट्ट लागतंय की मऊ ते बघते आणि चादर उचलून पॅड किती भिजलंय ते बघते. रक्त चादरीखाली जात असतं, चेहऱ्यावर दिसायला उशीर होतो. लाज किंवा किळस वाटून जिने चादर उचलली नाही, तिच्या हातून ती बाई जाऊ शकते. तुझ्या आईची बाळंतपणं कुठे झाली मला माहीत नाही, पण तेव्हाही कुणीतरी चादर उचलून बघितलं असेल. एवढं सांगूनही आईला पटेल असं नाही. मात्र "तिथे तसलं काम नसतं" असं तिला सांगून शाळेत जाऊ नकोस.

फॉर्म भरण्याआधी एक कर. आपल्याकडे वाडीत कुणी ना कुणी दवाखान्यात असतंच आणि रात्री सोबतीला माणूस मिळत नसतो. जा सोबतीला. ग्रामीण रुग्णालयात, बाकड्यावर, पूर्ण रात्र. पहाटे चारला वॉर्डाला जो वास येतो तो घे, कण्हणं ऐक, सिस्टर कितीदा उठते ते बघ. सकाळी घरी येऊन आंघोळ केल्यावरही जावंसं वाटलं, तर पुढे बोलू.

तुझ्यासारख्या मोठ्या वयाच्या मुली माझ्या हाताखाली शिकल्या. त्यांना रक्ताचा त्रास फारसा झाला नाही. त्यांना जड गेलं ते वेगळंच. एकोणीस वर्षांची सीनियर "बेड नीट कर, कोपरे बघ" म्हणून सांगते आणि सव्वीस वर्षांच्या, चार माणसांत मान असलेल्या मुलीला ते लागतं. वसतिगृहात ठरलेल्या वेळेला गेट बंद, फोन जमा, युनिफॉर्मला इस्त्री नाही म्हणून परत पाठवणं. एक हुशार मुलगी, आधी कचेरीत नोकरी केलेली, पहिल्या वर्षीच निघून गेली ती याच कारणाने. तिचा हात चांगला होता, मला तिचं जाणं आजही वाईट वाटतं. तू जाशील तर पहिले सहा महिने वयाची ज्येष्ठता दारात ठेवून जा. वॉर्डात ज्येष्ठ कोण, हे वयावर ठरत नाही. ज्याने शंभर सलाइनी लावल्यात तो एक लावणाऱ्याला शिकवतो.

पतसंस्थेतली तुझी वर्षं मात्र तुझ्याबरोबर येतील. काउंटरवर चिडून आलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलणं तुला येतं. अपघात विभागातल्या नातेवाइकांसमोर ते शिकवून येत नाही, पुष्कळ नव्या मुली तिथे रडतात. शिवाय तुला आकड्यांची भीती नाही. पाचशे मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, सेट मिलीला वीस थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं, एकवीसच्या आसपास. विज्ञानाच्या मुलीही इथे अडखळतात. इन्सुलिनच्या मात्रेत एक शून्य जास्त पडलं तर काय होईल हे ज्याला रकमेत शून्य चुकण्याची धास्ती माहीत आहे त्याला लवकर कळतं. लांज्याची एक डी.एड. झालेली मुलगी आमच्याकडे होती. मधुमेहाच्या पेशंटना ती केसपेपरच्या पाठीमागे ताट काढून द्यायची: भात एवढा, भाजी एवढी, पेजेचा वाडगा एकच. दुपारी ती त्यांना उलटं विचारायची, "आता तुम्ही मला शिकवा." शिकवणं तिच्या अंगात मुरलेलं होतं, आणि तिच्या पेशंटना घरी जाऊन काय खायचं ते ठाऊक असायचं.

तुला कठीण जाईल ते शरीररचनाशास्त्र आणि तेही इंग्रजीतून. आत्तापासून अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं कुणाकडून तरी आण. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, रक्ताभिसरण, एवढं रोज संध्याकाळी थोडं थोडं वाच आणि चित्रं हाताने काढ.

शाळा निवडताना इमारत आणि संगणक कक्ष बघू नकोस. विचार: मुलींना प्रॅक्टिकलला कुठल्या रुग्णालयात पाठवता? तिथे खाटा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती? महिन्याला प्रसूती किती होतात? रिकाम्या वॉर्डात बाहुलीवर इंजेक्शन शिकलेली मुलगी खऱ्या शिरेसमोर थरथरते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. त्यांच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत पेशंटची कमतरता नसते. शिकायला तेच हवं.

स्थळांचं थोडक्यात. रात्रपाळी आणि गणपतीतली ड्युटी आधीच सांग. ऐकून जो परत जाईल तो आत्ताच गेलेला बरा.

प्रश्न : मी देवगडचा, वय २४. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून मत्स्यशास्त्राची पदवी घेतली, सध्या एका कोळंबी प्रकल्पावर आहे. मला नर्सिंगला जायचंय. मित्र हसतात. मुलग्यांना यात भविष्य आहे का? पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र होतं, त्याची सूट मिळेल का?

उत्तर : सूट मिळणार नाही. वरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे. पण तुमची बारावी विज्ञान आणि जीवशास्त्राची असणार, म्हणून तुम्ही थेट बी.एस्सी. नर्सिंगला जा: चार वर्षं, आठ सत्रं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. विज्ञान विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० लागतात आणि सीईटी नव्याने द्यावी लागते. बाहेर पडाल तेव्हा तिशीच्या आत असाल, म्हणजे एम्सच्या परीक्षेला एकदोनदा बसता येईल. तिथे ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, तेव्हा तुम्हाला जास्त अभ्यास करावा लागेल.

वॉर्डाला ब्रदर हवे असतात, हे मी मनापासून सांगते. अस्थिरोग विभाग, अपघात विभाग, मनोरुग्णांचा वॉर्ड, आयसीयू, सगळीकडे. साठ वर्षांच्या खलाशाला कॅथेटर घालताना तो माझ्यासमोर संकोचायचा, ब्रदर आला की निवांत व्हायचा. प्रसूतीशास्त्र तुम्हालाही शिकावं लागेल. तिथे आधी त्या बाईला विचारायचं. ती नको म्हणाली तर चेहरा न पाडता बाजूला व्हायचं.

तुम्ही प्रयोगशाळेत हात धुतलेला माणूस आहात, म्हणून एक सांगते. देवगडच्या कातळावर फुरसं हा विषारी साप किती, हे तुम्हाला माहीत आहे. चावलेला माणूस आला की आम्ही नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतो, वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग नळी कलती करतो. रक्त पातळच राहिलं तर विषाने रक्ताचं गोठणं बिघडवलेलं आहे, प्रतिविष सुरू करायचं. साबणाने धुतलेली नळी वापरली तर उत्तर चुकतं. कुणी मध्येच हलवून बघितलं तरी चुकतं. प्रतिविष चालू असताना शेजारी ॲड्रिनॅलिन भरून तयार ठेवायचं आणि अंगावर गांधी, घशात घरघर, बीपी पडणं यांवर डोळा ठेवायचा. पुढे सहा सहा तासांनी पुन्हा तीच नळी. हे सगळं नर्सच्या हातात असतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या साध्या गोळीचा उपयोग जगाला दाखवला. त्या गोळीनंतर पेशंटला एकदम उठून उभं राहू दिलं तर बीपी कोसळून तो पडतो, म्हणून त्याला आडवं ठेवणं, हातपाय गार आहेत की ऊब येतेय ते बघणं, सारखी नाडी आणि बीपी घेणं, हे खाटेजवळचं माणूस करतं. ते माणूस तुम्ही व्हायचं की नाही, हे मित्रांना विचारून ठरवू नका.

आरोग्य क्षेत्रात यायचंय पण खाटेजवळ उभं राहायचं नाही असं असेल, तर तेही सांगून टाका स्वतःला. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचा किंवा रुग्णालय प्रशासनाचा अभ्यास करता येतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. तिथे तुमची पदवी मोजली जाईल.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची, वय ३३, बी.ए. दोन मुलं शाळेत. मिस्टर गोव्यात नोकरीला. तालुक्याच्या गावी एक सहा महिन्यांचा "नर्सिंग"चा कोर्स निघालाय, नंतर नक्की नोकरी म्हणतात. करू का? तीन वर्षं घर सोडून राहणं मला शक्य नाही.

उत्तर : ताई, सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. असे कोर्स बहुतेक वेळा रुग्णसहायकाचे असतात. ते कामही मानाचं आहे, पेशंटला उचलणं, भरवणं, स्वच्छ ठेवणं. पण त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय इंजेक्शनला हात लावायचा नसतो. काही दवाखाने कमी पगारात अशा मुलींकडून सिस्टरचं काम करून घेतात. काही बिघडलं तर त्या मुलीच्या मागे कुणी उभं राहत नाही. पैसे भरण्याआधी एकच विचारा: "याने महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळते का?" आणि उत्तर कागदावर मागा. परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या संस्थेचं नाव आहे का, तेही बघा.

तुमच्यासाठी एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचा अभ्यासक्रम बघा. दोन वर्षं, त्यात दीड वर्ष शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. कला शाखेची बारावी चालते, हा अभ्यासक्रम फक्त स्त्रियांना आहे. पण वयोमर्यादा ३५ असल्यामुळे तुमच्याकडे दोनतीनच प्रवेशफेऱ्या आहेत. यंदा जमणार नसेल तर पुढच्या वर्षी, त्यापुढे लांबवू नका. एएनएम झालेल्या बाईला पुढे जीएनएमला जायचं असेल तर तिथे वयाची अट लागत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुलं मोठी झाल्यावर तो रस्ता तुम्हाला उघडा राहील.

एएनएमचं गावच्या आरोग्य उपकेंद्रातलं काम कसं असतं ते तुमच्या वाडीवर लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरना विचारा. आपल्यासारख्या डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र धरलेलं असतं. गरोदर बायांची नोंद, लसी, तापाचे रक्तनमुने, पावसात साकव ओलांडून जाणं. एखादा दिवस त्यांच्याबरोबर फिरा, त्या नाही म्हणणार नाहीत.

घरातून जाऊन-येऊन करता येईल अशी मान्यताप्राप्त शाळा जवळ नसेल तर मुलांकडे कोण बघणार, हे सासूबाईंशी आणि मिस्टरांशी आधी बोलून घ्या, आणि मोघम नको: परीक्षेच्या महिन्यात कोण, मूल तापलं तर कोण. आणि कागदपत्रं आजपासून काढायला घ्या. बारावीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागेल. अधिवास दाखला, शिक्षणात खंड पडल्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, आरक्षण घेणार असाल तर जातवैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर. जातवैधतेला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून तिचा अर्ज पहिला करा.